लक्ष्मी बँक ते सेवा विकास

‘ठेव’ हा शब्द ‘ठेवणे’ या क्रियापदातून आला आहे. आपली वस्तू विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवावी आणि मागू तेव्हा ती परत मिळावी, असा त्याचा साधा आशय. कायद्याच्या दृष्टीने मात्र ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेले कर्ज. हा अर्थ ठेवीदाराला उमगतो, तो बहुधा शाखेच्या दारावर निर्बंधांची नोटीस लागल्यावरच.

१९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली. त्यातून ठेव विम्याचा कायदा आला आणि १९६२ पासून ठेवीदाराच्या १,५०० रुपयांना संरक्षण मिळाले. सहकारी बँका तेव्हा या छत्राबाहेर होत्या. १ मार्च १९६६ पासून त्यांना बँकिंग नियमन कायदा लागू झाला, तोही अर्धामुर्धा. बँकिंग व्यवहार रिझर्व्ह बँकेने पाहायचे, संचालक मंडळ आणि निवडणुका सहकार निबंधकाने. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी ही देखरेख.

१९९३ मध्ये ठरलेली एक लाखाची विमा मर्यादा सत्तावीस वर्षे हलली नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांना प्रथम केवळ हजार रुपये काढण्याची मुभा उरली, तेव्हा कुठे चक्रे फिरली. २०२० मध्ये मर्यादा पाच लाख झाली, रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागताच नव्वद दिवसांत विम्याचे पैसे देणे बंधनकारक झाले.

या दुरुस्तीचे मोल पुणे आणि पिंपरी शेजारी ठेवून पाहावे. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले. तिच्या ठेवीदारांना विम्याच्या रकमेसाठी सुमारे नऊ वर्षे थांबावे लागले. पिंपरीच्या सेवा विकास बँकेचा परवाना १० ऑक्टोबर २०२२ रोजी रद्द झाला, त्याआधीच, १४ सप्टेंबरपर्यंत, विमा महामंडळाने १५२.३६ कोटी रुपये दिले होते.

परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेने म्हटले, की सुमारे ९९ टक्के ठेवीदार पूर्ण रकमेस पात्र आहेत. आपण साहित्याची माणसे. वाक्य नीट वाचण्याची सवय इथेही सोडू नये. ही टक्केवारी माणसांची आहे, रुपयांची नव्हे. कारखान्यात उमेदीची वर्षे घालवून हाती आलेली सारी पुंजी एखाद्याने एकाच बँकेत ठेवली असेल, तर तो उरलेल्या एका टक्क्यात मोडतो, आणि पाच लाखांवरच्या रकमेसाठी त्याला अवसायकाकडे दावा दाखल करून वाट पाहावी लागते.