नीरेचा डावा कालवा व कोऱ्हाळे बुद्रुक येथील पाण्याचे कागद

वतनाची सनद अगर जुना महजर हातीं लागला तर आपण तो रेशमी फडक्यांत बांधून ठेवतों. त्यांतील एक मोडी अक्षर लागलें नाहीं तर चार मित्रांना त्रास देतों. पाण्याच्या पाळीचा कागद मात्र कोणीं आणून दिला तरी घेणारा संग्राहक विरळा. निदान नीरेच्या खोऱ्यापुरती ही हेळसांड महाग पडणारी आहे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

कोऱ्हाळे बुद्रुक हें बारामती तालुक्यांतील गांव नीरेच्या डाव्या अंगास आहे. नदीपलीकडे फलटणचा मुलूख. प्रदेश पर्जन्यछायेंतला. १८७६-७७ च्या दुष्काळानें तो होरपळला, आणि त्याच सुमारास लोकांना काम मिळावें म्हणून नीरेच्या डाव्या कालव्याची खोदाई हातीं घेण्यांत आली. १८८५ च्या सुमारास पाणी वाहूं लागलें. सुमारें १०० मैलांचा हा कालवा पुरंदर, बारामती व इंदापूर या तालुक्यांतून जातो.

त्याची रचना ध्यानांत घेण्याजोगी आहे. पाणी सांठतें वेळवंडी नदीवर, भाटघर येथें. तेथून तें नदीच्याच पात्रानें खालीं येतें आणि वीर येथील बंधाऱ्यापाशीं कालव्यांत शिरतें. भाटघर त्या काळीं भोर संस्थानांत होतें. म्हणजे ज्याची जमीन बुडाली त्याचें दरबार एक, आणि ज्याचा ऊस पिकला त्याचें सरकार दुसरें. याच जलाशयांत कांबरे येथील शंकराचें प्राचीन देऊळ वर्षांतील बहुतेक महिने बुडालेलें असतें व उन्हाळ्यांत उघडें पडतें. देवळाविषयीं आपण लिहितों; त्याच्यासह जीं शेतें बुडालीं त्यांच्या मोबदल्याचे कागद कोणीं एकत्र केले पाहिजेत.

१९२७ च्या सुमारास भाटघर येथें लॉइड धरण हें नवें मोठें धरण पुरें झालें व १९३८ च्या सुमारास उजवा कालवा फलटण व माळशिरसच्या बाजूस वाहूं लागला. आतां एकाच सांठ्यावर ब्रिटिश मुलखांतील तालुके आणि फलटण संस्थान अशा दोन्ही बाजूंची भिस्त पडली. १९४८ मध्यें भोर व फलटण हीं दोन्ही संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. दरबारें गेलीं, पाण्याची वांटणी मात्र राहिली.

गांवोगांवची तक्रार याहून जुनी आहे. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यान्वयें पाणी अर्ज करून घ्यावयाचें. परंतु कालव्याच्या मुखाजवळचा उसवाला भरपूर भिजवी आणि शेवटच्या गांवीं पाळी पोहोंचेपर्यंत पीक वाळे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मो. विश्वेश्वरय्या यांनीं यावर गटांची पद्धत सुचविली : नेमक्या गटांनाच पाणी द्यावयाचें, गटांत सुमारें एकतृतीयांश ऊस व बाकी इतर पिकें. हेतु असा कीं पाणी थोड्यांच्या शेतांत न साचतां अधिक गांवांना पोहोंचावें. तें साचतही होतें : हॅरल्ड मॅन व तांबणे-ताम्हाणे या नांवांच्या घोळांत न पडतां इतकेंच सांगतों कीं, मुंबईच्या शेतकी खात्यानें नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका १९१० मध्यें काढली. पाण्यानें सोनें पिकविलें तसें मीठही वर आणलें.

वांटणी अद्याप स्थिर झालेली नाहीं. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याची डाव्या-उजव्या कालव्यांतील विभागणी २००७ मध्यें ठरली. तिची मुदत २०१७ मध्यें संपली. २०१९ मध्यें डाव्या कालव्यास जाणारें पाणी थांबविण्याचा निर्णय झाला व २०२० मध्यें तो पुनः फिरला. दर वेळीं दोन्ही तीरांचे लोक पूर्वीच्या वहिवाटीचें नांव घेतात. वहिवाट सिद्ध करावयाची ती कोणत्या कागदानें ?

सरकारी दप्तरांत हुकूम सांपडतील. चारीवर प्रत्यक्ष पाणी कोणत्या वारीं, कोणाच्या शेतांत गेलें तें तेथें क्वचितच उतरलें असेल. तें पाण्याच्या पासांत, पाळीपत्रकांत, पाणीपट्टीच्या पावत्यांत आणि पाटकऱ्याच्या वहींत मिळावयाचें. कोऱ्हाळ्यासारख्या गांवीं असे कागद असलेच तर सातबाऱ्याच्या पिशवींत असतील, आणि जुनें घर पाडतांना ती पिशवी रद्दींत जाईल. संग्राहकांनीं त्यांवर गांव, चारी व वर्ष टिपून ते ठेवावे. भोर, बारामती व फलटण या तिन्ही बाजूंचे कागद एकाच दप्तरांत आले तर अधिक बरें.