हिरडा कोणाचा? झाड, जमीन आणि कागद

हेडफोन लावलेत ना? आज जाऊया पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात. नाणेघाट, भीमाशंकर... पावसात आपण सगळेच तिथे रील काढायला जातो. मीही जायचो. पण एकदा मे महिन्यात गेलो, तर अंगणात काळपट, बारीक फळं वाळत घातलेली.

"मावशी, हे काय?"

"बाळहिरडा. वर्षाचं मीठमिरची यावरच."

आजची गोष्ट या फळाची.

इथे प्रामुख्याने महादेव कोळी समाज राहतो. उतारावर भाताची खाचरं, पण तो भात खाण्यापुरता. हातात रोकड येते ती हिरड्यातून. पावसाआधी कोवळी फळं काढायची, वाळवायची, विकायची. आणि गंमत बघा, कोणतं झाड कोणत्या घराचं, हे गावाला तोंडपाठ असतं. भावाभावांत जमिनीसारखी झाडंही वाटली जातात. हा हक्क परंपरेचा. भांडण सुरू होतं ते कागद आल्यावर.

इंग्रजांच्या काळात हिरड्याला परदेशात मागणी होती, कातडं कमवायला. म्हणजे इथल्या झाडाचा धागा थेट इंग्लंडच्या चामड्याच्या कारखान्यांना जोडलेला. त्याच काळात 1878 चा वन कायदा आला आणि जंगलावर सरकारचा शिक्का बसला. दुसरीकडे सावकाराच्या वहीत जमिनी अडकत होत्या. याच डोंगरात होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला. 1876 मध्ये तो पकडला गेला. शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट रिलीफ ॲक्ट आला 1879 मध्ये.

स्वातंत्र्यानंतर सावकाराच्या जोडीला लाकूड-कोळशाचे ठेकेदार आले. जमीन आदिवासीच्या नावावरच राहायची, पण तिच्यावरची झाडं कवडीमोलाने जायची. ही फसवणूक राज्यभर इतकी होती, की 1969 मध्ये आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा वेगळा कायदा करावा लागला. मग 1974 मध्ये आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाण्यावर कडक बंधनं आली, आणि आधी गेलेल्या काही जमिनी परत देण्याचाही कायदा झाला.

प्रश्न सुटला? नाही ना. 1985 मध्ये भीमाशंकर अभयारण्य झालं. ज्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या हिरडा वेचला, तिथे आता परवानगीचा प्रश्न. घोड नदीवर डिंभे धरण झालं, जुनं आंबेगाव पाण्याखाली गेलं. पाणी कालव्याने पूर्वेला, उसाच्या आणि बागायतीच्या पट्ट्यात. एकाच तालुक्याचे दोन चेहरे: खाली नगदी पीक, वर हिरडा. खालच्या उसाला सगळे पीक म्हणतात. वरच्या हिरड्याला सरकारी भाषेत म्हणायचं 'गौण वनोपज'.

शब्दाने काय फरक पडतो? 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा कळलं. हिरड्याची झाडं मोडली, फळं गळाली. पण भरपाईच्या नियमांत हिरडा बसेना. ज्यावर घर चालतं ते पीकच नाही म्हणे! आदिवासी शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. आणि हिरडा काही कांदा नाही, की पुढच्या हंगामात पुन्हा लावला. आजोबाने राखलेलं झाड मोडलं, तर फळ खायला नातू लागतो.

2006 च्या वनहक्क कायद्याने मात्र एक मोठी गोष्ट केली. परंपरेने गोळा होणाऱ्या वनोपजावर त्या लोकांची मालकी मान्य केली. ती कागदावर आणायची वाट ग्रामसभेतून जाते. ग्रामसभा ठराव करते, दावा तपासते. म्हणजे गावाला जे तोंडपाठ आहे, तोच पुरावा ठरू शकतो.

म्हणून, डोंगरपट्ट्यातल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, एक काम करा. आजी-आजोबांना विचारा, आपली झाडं कोणती? रेकॉर्ड करून ठेवा. मालकीच्या जमिनीवर झाड असेल, तर ई-पीक पाहणीत त्याची नोंद होते का बघा. जंगलात असेल, तर ग्रामसभेत विषय काढा. तोंडपाठ असलेलं माणसाबरोबर जातं, कागद मागे राहतो. दीडशे वर्षं हा कागद दुसऱ्यांनीच लिहिला. आता फोन तुमच्या हातात आहे.

भेटू पुढच्या भागात. राम राम!