कार्कासोन : विस्तार-संचातील नियमांचे पेच

दक्षिण फ्रान्समधील कार्कासोन या तटबंदीच्या मध्ययुगीन नगरावरून नाव घेतलेला हा बैठा खेळ क्लाऊस-युर्गेन व्रेडे या जर्मन रचनाकाराने तयार केला. तो २००० साली प्रकाशित झाला आणि २००१ मध्ये ‘श्पील देस यारेस’ या जर्मनीतील मानाच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. ७२ चौकोनी टाइल्स एकेक करून जोडायच्या, तयार होणाऱ्या रस्ते, नगरे, मठ व शेतांवर सोंगट्या बसवायच्या आणि गुण मिळवायचे, असे त्याचे सोपे स्वरूप आहे. मात्र विस्तार-संच जोडताच रंगलेल्या डावात वादाला तोंड फुटते.

यातील बहुतेक वाद एका सूत्राने मिटतात. विस्ताराचा नियम ज्या बाबीचा स्पष्ट उल्लेख करतो, तेवढीच बाब बदलते. उर्वरित सर्व मूळ नियमांप्रमाणेच चालते. शिवाय प्रत्येक खेळीचा क्रम ठरलेला आहे : आधी टाइल, मग सोंगटी, शेवटी गुण.

कॅथेड्रल आणि सराई

पहिल्या विस्तारात १८ नव्या टाइल्स आहेत. पूर्ण झालेल्या नगरात कॅथेड्रल असल्यास प्रत्येक टाइलला व ढालीच्या प्रत्येक चिन्हाला २ ऐवजी ३ गुण मिळतात. म्हणजे सहा टाइल्स व एक ढाल असलेल्या नगराचे १४ ऐवजी २१ गुण होतात. परंतु हेच नगर अपूर्ण राहिले, तर एरवीचे ७ गुणही जाऊन पदरी शून्य पडते. सराई असलेल्या रस्त्याचेही तसेच : पूर्ण झाल्यास टाइलमागे २ गुण, अन्यथा काहीच नाही. एकाच रस्त्यावर दोन सराया आल्या म्हणून गुण पुन्हा दुप्पट होत नाहीत.

प्रतिस्पर्ध्याच्या नगरात मुद्दाम कॅथेड्रल ठेवता येते का? टाइल बसत असेल तर अवश्य. तिच्या चारही बाजूंना नगरच असल्याने ते पूर्ण करणे अवघड होते. हा डाव कटू वाटला, तरी नियमबाह्य नाही.

मोठी सोंगटी

बहुमत ठरवताना ती दोन सोंगट्यांच्या बरोबरीची धरतात. गुण मात्र दुप्पट होत नाहीत. बरोबरी झाल्यास गुणांची वाटणी न होता प्रत्येकाला पूर्ण गुण मिळतात.

गवंडी, माल आणि डुक्कर

दुसऱ्या विस्तारातील गवंडी आपली सोंगटी आधीच असलेल्या रस्त्यावर वा नगरात बसवतात. पुढे ती जागा वाढवल्यास आणखी एक टाइल मिळते. पण या जादा टाइलवर तिसरी मिळत नाही. पहिल्या टाइलने नगर पूर्ण झाले, तर त्याचे गुण मोजून व सोंगटी परत घेऊनच दुसरी टाइल उचलावी. गवंडी बहुमतात धरत नाहीत.

मद्य, धान्य व कापड यांच्या चकत्या नगराच्या मालकाला नव्हे, तर नगर पूर्ण करणाऱ्याला मिळतात. अखेरीस ज्याच्याकडे एखादा माल सर्वाधिक असेल, त्याला त्या मालाचे १० गुण मिळतात. म्हणूनच दुसऱ्याचे नगर पूर्ण करून देणे नेहमीच तोट्याचे नसते.

आवृत्तीचा घोळ

खरा पेच जुन्या आणि नव्या पुस्तिकांतील फरकाचा आहे. पहिल्या आवृत्तीत नगरागणिक शेतकऱ्यांचे बहुमत पाहून ४ गुण दिले जात. आता शेतागणिक हिशेब होतो आणि त्याला लागून असलेल्या प्रत्येक पूर्ण नगराचे ३ गुण मिळतात. त्या शेतात बहुमत असणाऱ्याचे डुक्कर असल्यास हेच ४ होतात. दोन टाइल्सच्या पूर्ण नगरालाही पूर्वी २ गुण होते, आता ४ आहेत. एवढ्या फरकाने जिंकणारा बदलू शकतो.

त्यामुळे पहिली टाइल ठेवण्यापूर्वीच कोणती पुस्तिका प्रमाण मानायची, हे सर्वानुमते ठरवावे. डाव सुरू असताना शंका आल्यास ठरलेल्या पुस्तिकेतील वाक्य सर्वांसमोर वाचावे. तरीही उलगडा झाला नाही, तर एक अर्थ निश्चित करून तो डाव संपेपर्यंत सर्वांना सारखाच लावावा.