रॅकवरचा माल आणि वहीतला माल

"माल आहे का?" पुण्याच्या सदाशिव पेठेत औषधांच्या घाऊक बाजारात सकाळपासून रात्रीपर्यंत हा एकच प्रश्न चालू असतो. विचारणारा केमिस्ट कोथरूडचा असो की हडपसरचा, त्याला नुसतं 'आहे' पुरत नाही. किती आहे, कोणत्या बॅचचा, एक्स्पायरी कधीची, त्यावर स्कीम काय, हे सगळं त्याला हवं असतं. आणि सांगणाऱ्याला त्याच क्षणी आठवावं लागतं की या गिऱ्हाइकाची मागची उधारी किती थकली आहे. बी.कॉम. झाल्यावर मी या पेठेत एका स्टॉकिस्टकडे हिशेब लिहायला लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायची रीत माझ्यासमोर बदलत गेली. बाजारपेठांच्या इतिहासात पेढ्यांची आणि शेठजींची नावं येतात, हिशेबाच्या टेबलाचा उल्लेख क्वचितच येतो. मी त्या टेबलाविषयी लिहिते आहे.

आमच्या शेठांच्या वडिलांच्या काळी सगळा धंदा लाल कापडी बांधणीच्या वह्यांत होता. रोजची कीर्द, कीर्दीवरून खतावणी. जुने दिवाणजी नावं मोडीत लिहीत. लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा व्हायची आणि पाडव्याला नवं पान उघडायचं. आयकराच्या १९८७ च्या दुरुस्तीने सर्वांना ३१ मार्चला संपणारं एकच हिशेबी वर्ष बंधनकारक केलं आणि १९८९-९० च्या कर आकारणी वर्षापासून ते लागू झालं. दिवाळीची पूजा राहिली, वर्षअखेर मात्र मार्चमध्ये गेली. त्या वह्या मी पाहिल्या आहेत. पैशाचा हिशेब त्यांत इतका चोख आहे की कोणाकडून किती येणं आहे हे आजही बोट ठेवून सांगता येतं. पण फडताळावर कोणतं औषध किती शिल्लक होतं, हे त्या वहीतून कळत नाही. मालाचा हिशेब माणसांच्या डोक्यात असे.

औषधांच्या बाबतीत ते चालण्यासारखं नव्हतं. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम घाऊक विक्रेत्याच्या बिलावर औषधाचं नाव, नग, उत्पादक आणि बॅच नंबर मागतात, आणि बिलाची प्रत तीन वर्षं जपून ठेवायला सांगतात. कापडाच्या घाऊक व्यापाऱ्यावर असं बंधन नव्हतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक रॅकला एक कार्ड टांगलेलं असायचं. आवक, जावक, शिल्लक, बॅच, एक्स्पायरी, सगळं शाईने.

दिवस असा जायचा. ऑर्डर घेणारी मुलं सकाळी सायकलवर, पुढे लूनावर निघायची. दुकानोदुकानी फिरून वहीत मागणी टिपायची आणि दुपारी परत यायची. मग पॅकर रॅकवरून माल काढणार, जो नसेल त्यावर काट मारणार, मी दोन कार्बन घालून बिल करणार, संध्याकाळी डिलिव्हरी. कार्डावर नोंद व्हायची ती रात्री, नाहीतर दुसऱ्या दिवशी. म्हणजे हडपसरला मुलगा ज्या पन्नास स्ट्रिप 'मिळतील' म्हणून सांगत असायचा, त्या त्याच वेळी काउंटरवरून दुसऱ्या कोणी उचललेल्या असायच्या. केमिस्टला संध्याकाळी कळायचं की माल शॉर्ट आहे. तो तेवढ्यासाठी दुसऱ्या स्टॉकिस्टला फोन करायचा आणि पुढच्या वेळी पहिला फोनही त्यालाच करायचा.

याच्या उलट बाजूचं नुकसान अधिक मोठं होतं. कार्डावर भरवसा नसला की खरेदी करणारा हात सैल सोडतो, 'असू दे थोडं जास्त' म्हणतो. त्यातला काही माल मागच्या रांगेत दडतो आणि त्याची मुदत संपते. मुदत संपलेला माल कंपनी परत घेते, पण ठरलेल्या काळातच. तो ब्रेकेज-एक्स्पायरीचा क्लेम चुकला की भुर्दंड स्टॉकिस्टच्या माथी. नियंत्रित किमतीच्या औषधांवर घाऊक व्यापाऱ्याला ८ टक्के आणि इतरांवर १० टक्के, ही या धंद्यातली रूढ मार्जिन. त्यातून भाडं, पगार, पेट्रोल, उधारीचं व्याज. उरतं ते इतकं थोडं की रॅकच्या मागे पडलेले दोन खोके महिन्याचा नफा खातात. माझ्या मते घाऊक धंद्यातली कार्यक्षमता म्हणजे दुसरं काही नाही: रॅकवरचा माल आणि वहीतला माल यांच्यात किती तासांचं अंतर आहे, एवढंच.

त्या अंतराची किंमत नेहमी पैशांतच मोजली जाते असंही नाही. १९८६ साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषधखरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतच्या साखळीची चिरफाड केली. त्या दिवसांत आमच्या बाजारात सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती: उद्या एखादी बॅच थांबवा असा आदेश आला, तर ती कुठे कुठे गेली हे आपण किती वेळात सांगू? बिलांच्या प्रती गठ्ठ्यांत बांधून ठेवलेल्या. एका बॅचसाठी गठ्ठे सोडून पानं उलटायला बसलं तर दिवसच्या दिवस जातील, आणि तेवढ्यात औषध रुग्णाच्या पोटात गेलेलं असेल. बॅच नंबर लिहिण्याकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहू लागले.

कॉम्प्युटर आला तो हा शोध सोपा करायला. नव्वदीच्या दशकात पुण्यातल्या मेडिकल होलसेलरांसाठी स्थानिक प्रोग्रामर मंडळी फॉक्सप्रोमध्ये बिलिंगचे प्रोग्राम लिहून देत. काळा पडदा, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर, तीन प्रतींचा सलग कागद. बिल केलं की स्टॉक आपोआप वजा. कार्डं उतरली. एक बॅच कोणाकोणाला गेली हे मिनिटात पडद्यावर यायचं, आणि ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वीज गेली की मात्र फाइल बिघडायची, 'री-इंडेक्स' करत बसावं लागे. रात्री फ्लॉपीवर बॅकअप घ्यायचा आणि फ्लॉपी पर्समध्ये टाकून घरी न्यायची. इतर व्यापारांत याच सुमाराला बंगळुरूच्या गोएंका पितापुत्रांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचं टॅली घरोघर पोचत होतं. टॅली पैशाच्या हिशेबात पक्कं होतं, पण बॅच आणि एक्स्पायरीच्या धंद्याला स्वतःचे प्रोग्राम लागत, म्हणून औषधवाले बराच काळ वेगळ्या वाटेने गेले.

कर बदलला की त्या प्रोग्रामरला बोलवावं लागे. जकात होती तेव्हा नाक्याच्या पावत्या सांभाळल्या. १ एप्रिल २००५ ला विक्रीकर जाऊन व्हॅट आला. १ एप्रिल २०१३ ला पुण्यातली जकात गेली आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही अडीच वर्षांच्या आत बहुतेकांपुरता संपला. १ जुलै २०१७ ला जीएसटी. दर वेळी प्रोग्रामर एकच, गिऱ्हाइकं अनेक, आणि सगळ्यांना तो एकाच रात्री हवा. जीएसटीने तर विक्रेत्याची आणि खरेदीदाराची नोंद सरकारी पोर्टलवर समोरासमोर आणली. आपण घेतलेल्या मालाचं बिल पुरवठादाराने भरलं नसेल तर कराची वजावट अडते. २०१८ पासून ई-वे बिल, २०२० पासून ई-इन्व्हॉइस: आधी ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना, मग पायरीपायरीने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर असलेल्या सर्वांना. आता बिल छापण्याआधी ते इंटरनेटवरून सरकारी यंत्रणेकडे जाऊन नंबर घेऊन परत येतं. दुकानातल्या दुकानात बंद असलेला कॉम्प्युटर या कामाला पुरेना.

क्लाउडकडे, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, आमच्या पेठेला या सक्तीने ढकललं आणि टाळेबंदीनेही. मार्च २०२० मध्ये शहर बंद झालं, औषधांचा व्यापार बंद होऊ शकत नव्हता. पास असलेली मोजकी माणसं गोदामात, बाकीचे घरी. ज्यांचा हिशेब दुकानातल्या एका यंत्रात होता त्यांना रोज जीव मुठीत धरून पेठेत यावं लागलं. आमच्याकडे तेव्हा नुकतंच क्लाउडचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. मी बिबवेवाडीत स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी बसून खरेदीची बिलं तपासत होते आणि त्याच वेळी गोदामातला पॅकर मोबाइलने बारकोड वाचून माल काढत होता. त्याने स्ट्रिप उचलली की माझ्या पडद्यावर आकडा कमी व्हायचा. केमिस्ट आपल्या फोनवर आमचा शिल्लक साठा पाहून स्वतःच ऑर्डर टाकत होते. हडपसरचा तो जुना खोळंबा त्या दिवसांत संपला.

हे सॉफ्टवेअर आज काय करतं ते सांगते, कारण बाहेरच्यांना ते नुसतं बिलिंगचं यंत्र वाटतं. कंपनीचं खरेदीबिल फाइलच्या रूपात येतं, बॅच-एक्स्पायरी टाइप करावी लागत नाही. माल काढताना ज्याची मुदत आधी संपते तीच बॅच ते पुढे करतं. तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्या मालाची यादी आपणहून समोर ठेवतं, त्यामुळे क्लेमची तारीख चुकत नाही. ठरलेल्या मर्यादेपलीकडे उधारी गेली की बिल थांबवतं. दोन गोदामं असतील तर दोन्हींतला माल एकत्र दिसतो. विक्रीच्या वेगावरून कोणत्या औषधाची ऑर्डर कधी द्यायची हेही सुचवतं.

उधारीचं ते कुलूप मला पूर्ण पटत नाही. आमचे जुने शेठ एखाद्या नव्या केमिस्टचा चेहरा पाहून, त्याच्या वडिलांच्या आजारपणाची चौकशी करून आणखी महिनाभर थांबायचे, आणि तो केमिस्ट पुढे वीस वर्षं टिकायचा. ही मोकळीक मालकाने आपल्या हातात ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. बाकी बाबतींत मी क्लाउडच्या बाजूने आहे, आणि त्याचं मोठं कारण वेगापेक्षा सुरक्षितता हे आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरलं. आमच्या पेढीचं जुनं गोदाम नारायण पेठेत होतं. माल गेला, त्याबरोबर तोवरच्या वह्याही गेल्या, आणि कोणाकडून किती येणं आहे हे गिऱ्हाइकांच्या सांगण्यावर मानून घ्यावं लागलं. शेठ सांगायचे की बहुतेकांनी प्रामाणिकपणे पैसे आणून दिले. ते पुण्याचं भाग्य. पण धंद्याची एकुलती एक प्रत एका जागी ठेवणं धोक्याचंच, मग ती वही असो की काउंटरखालचा कॉम्प्युटर. दूरच्या सर्व्हरवर हिशेबाच्या एकाहून अधिक प्रती असतात, आणि पेठेतल्या पाण्याची त्यांना भीती नाही.

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. त्या दिवसापासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आणि काही जीवरक्षक औषधांवरचा शून्य. मी तोवर निवृत्त झाले होते. धंदा आता शेठांची सून पाहते. तिने सांगितलं की रात्रीतून दर बदलले, रॅकवरच्या पाकिटांवर जुनी किंमत छापलेली असताना सकाळचं पहिलं बिल नव्या दराने निघालं, आणि घटस्थापनेची पूजा वेळेवर झाली. २००५ च्या व्हॅटच्या वेळी आम्ही कित्येक रात्री दुकानात काढल्या होत्या.

आता माझी या व्यापारातल्या सर्वांना एक विनंती आहे. क्लाउडचं भाडं दर वर्षी भरावं लागतं. सॉफ्टवेअर बदललं, कंपनी बंद पडली किंवा भाडं थांबलं की जुन्या वर्षांचा हिशेब हातातून जाऊ शकतो. दर ३१ मार्चला आपला सगळा डेटा उतरवून घ्या, साध्या तक्त्यांच्या रूपात, आणि एक प्रत दुकानाबाहेर ठेवा. आणि पोटमाळ्यावर मोडीतल्या वह्या, कार्बनची बिलं, रॅकची कार्डं अजून असतील तर ती रद्दीत घालू नका. १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आपल्या याच सदाशिव पेठेत आहे. विकायच्या आधी एकदा तिथे जाऊन ती दाखवा.