वऱ्हाडचा कापूस आणि शिडाच्या जहाजांचा अस्तकाळ : 'पंजाब' व 'असई' या मुंबईत बांधलेल्या जहाजांच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर वसलेले कौंडण्यपूर हे प्राचीन विदर्भाची राजधानी व रुक्मिणीचे माहेर म्हणून परंपरेने सर्वश्रुत आहे. डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी येथे केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या स्थळाच्या प्राचीनतेला पुरातत्त्वीय आधार मिळाला. कौंडण्यपूरचा अभ्यास आजवर प्रामुख्याने पुराणकथा, पुरातत्त्व व वारकरी परंपरा या तीन अंगांनी झाला आहे. मुंबईच्या किनाऱ्यापासून सहाशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील या परिसराचा एकोणिसाव्या शतकातील समुद्री व्यापाराशी काही संबंध असेल, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु या नदीच्या दोन्ही तीरांवर पिकणारा कापूस ज्या जहाजांतून इंग्लंडला जात होता, त्या जहाजांच्या उदयास्ताशी या भूमीचे भवितव्य निगडित होते.

शिडाच्या व्यापारी जहाजांचा इतिहास बहुधा बंदरांच्या आणि कप्तानांच्या दृष्टीने लिहिला गेला आहे. प्रस्तुत निबंधात तो कापूस पिकविणाऱ्या मुलखाच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी १८५४ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली 'पंजाब' व 'असई' ही दोन जहाजे मध्यवर्ती मानली असून त्यांच्याशी संबंधित इतर काही जहाजांचाही विचार केला आहे.

१. वर्धा नदी आणि जलमार्गाची योजना

सन १८०३ हे वर्ष वऱ्हाडच्या राजकीय इतिहासात निर्णायक ठरले. २३ सप्टेंबर रोजी असई येथे, २९ नोव्हेंबर रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आणि १५ डिसेंबर रोजी गाविलगड येथे इंग्रजांना विजय मिळाला. त्यानंतर देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला व तो निजामाकडे गेला. कौंडण्यपूरजवळून वाहणारी वर्धा अशा रीतीने दोन राज्यांची सीमा बनली. पुढे १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला. या तहामागे सैन्याच्या खर्चाची थकबाकी हे कारण असले, तरी वऱ्हाडची काळी जमीन व तीत पिकणारा कापूस यांकडे इंग्रज व्यापाऱ्यांचे लक्ष पूर्वीपासूनच लागलेले होते.

रेल्वे येण्यापूर्वी हा कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून वाहिला जाई. त्याचा मोठा भाग मिर्झापूरला जाऊन तेथून गंगेतून नावांनी कलकत्त्यास पोहोचत असे. काही माल घाट उतरून मुंबईस जाई. वाटेत धूळ व पाऊस यांनी मालाची नासाडी होई. यावर उपाय म्हणून सर आर्थर कॉटन यांनी नदीमार्गाचा पुरस्कार केला. वर्धा, प्राणहिता व गोदावरी या नद्यांतून कापूस थेट पूर्व किनाऱ्यावरील काकिनाड्यास न्यावा आणि तेथे जहाजांवर चढवावा, अशी ही कल्पना होती. कॅप्टन हेग यांच्या देखरेखीखाली गोदावरी व प्राणहितेच्या पात्रातील खडकाळ अडथळ्यांना वळसा घालण्यासाठी बंधारे व कालवे यांची कामे सुरू झाली. मात्र उन्हाळ्यात आटणारे पाणी, तापाची साथ व वाढता खर्च यांमुळे १८७१ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. तोपर्यंत रेल्वेनेही तिची गरज संपविली होती. फेब्रुवारी १८६७ मध्ये वऱ्हाडातून वर्धा नदी ओलांडून लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडचा कापूस कायमचा मुंबई बंदराकडे वळला.

२. मुंबईच्या गोदीतील दोन जहाजे

मुंबईची गोदी ही वाडिया घराण्याच्या कारागिरीमुळे जगप्रसिद्ध झाली होती. मलबारी सागवानात बांधलेले येथील जहाज ओक लाकडाच्या इंग्रजी जहाजापेक्षा कितीतरी अधिक टिकते, असा लौकिक होता. कर्सेटजी रुस्तमजी वाडिया हे मुख्य जहाजबांधणीकार असताना १८५४ मध्ये 'पंजाब' व 'असई' ही दोन जहाजे भारतीय आरमारासाठी तयार झाली. दोन्ही जहाजांना वाफेचे यंत्र व बाजूची चाके होती. ज्या लढाईनंतर वऱ्हाडची सीमा बदलली, तिचेच नाव यांपैकी एका जहाजाला दिले गेले, ही बाब उल्लेखनीय आहे. १८५६-५७ च्या इराणवरील स्वारीत ही जहाजे सहभागी झाली होती.

१८६३ मध्ये भारतीय आरमार बरखास्त झाले. यंत्ररचना बदलण्यासाठी इंग्लंडला नेलेली ही दोन्ही जहाजे त्यामुळे अनावश्यक ठरली व लंडनचे जहाजमालक जॉन विलिस यांनी ती विकत घेतली. 'असई' त्यांनी लगेच नफ्याने विकून टाकले. 'पंजाब'मधील यंत्र काढून टाकून त्यांनी ते पूर्णपणे शिडाचे जहाज बनविले आणि त्याला 'ट्वीड' हे नवे नाव दिले.

वाफेचे जहाज शिडाचे करणे हे आज उलट्या दिशेचे पाऊल वाटेल. परंतु त्या काळाच्या हिशेबाने ते व्यवहार्य होते. १८६३ च्या सुमाराचे सागरी यंत्र अतिशय कोळसा खाई. दूरच्या प्रवासात कोळशानेच जहाजाचे पोट भरे आणि मालाला जागा कमी पडे. वारा मात्र फुकट होता. कापूस हा वजनाच्या मानाने जागा फार व्यापणारा व लवकर न नासणारा माल असल्याने तीन-चार महिन्यांचा प्रवास त्याला चालत असे. म्हणून केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारे शिडाचे जहाज हेच त्याचे स्वाभाविक वाहन होते.

३. शिडाच्या जहाजातून आलेली तार

'ट्वीड'च्या नव्या आयुष्यातील पहिली मोठी कामगिरी इराणच्या आखातातील तारेची होती. भारत व युरोप यांना जोडणारी समुद्राखालची तार पाच शिडाच्या जहाजांतून केपमार्गे आणण्यात आली. त्यांत 'ट्वीड' व 'असई' ही दोन्ही जुनी भावंडे पुन्हा एकत्र आली. 'कॉस्पॅट्रिक' हे ब्रह्मदेशातील मोलमीन येथे बांधलेले जहाजही त्यांत होते. १८६४ च्या आरंभी ग्वादर ते फाव या दरम्यान ती तार टाकली गेली. त्या वेळी शिडाची ही जहाजे आगबोटींनी ओढत न्यावी लागली, कारण तार टाकताना ठरावीक वेगाने व ठरावीक रेषेत जाणे आवश्यक असते आणि वाऱ्याच्या भरवशावर ते शक्य नव्हते. १८६५ च्या आरंभी लंडन व भारत यांच्यातील तारेचा मार्ग पूर्ण झाला.

या घटनेचे महत्त्व वऱ्हाडच्या दृष्टीने फार मोठे आहे. तोवर लिव्हरपूलचा भाव मुंबईस टपालाने कित्येक आठवड्यांनी कळत असे. तारेमुळे तो काही दिवसांत, आणि पुढे त्याहून लवकर कळू लागला. मुंबईचा व्यापारी, त्याच्यामार्फत खामगाव व अमरावतीचा अडत्या आणि शेवटी शेतकरी यांच्या व्यवहारात दूरचा भाव प्रत्यक्ष शिरला. मात्र ही माहिती सर्वांना समान मिळत नव्हती. तारेचा मजकूर प्रथम निर्यातदाराच्या हाती पडे. शेतकऱ्याला तो कळे तेव्हा सौदा बहुधा ठरून गेलेला असे.

४. सन १८६५ : भावाची घसरण आणि 'असई'चा अंत

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, त्यापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून येत होता. तो थांबताच मुंबईत व वऱ्हाडात भाव अभूतपूर्व चढले. मुंबईत बँका व समुद्र हटविण्याच्या कंपन्या यांचे पेव फुटले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेकडील राज्यांच्या मुख्य सेनेने शरणागती पत्करली आणि कापसाचा भाव कोसळला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे सावकार त्यात बुडाले आणि जुनी बँक ऑफ बॉम्बे अखेर गुंडाळावी लागली.

याच वर्षी मुंबईहून लिव्हरपूलला जाणारे 'असई' आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गॅली हेडजवळ फुटले. जहाज बांधून अवघी अकरा वर्षे झाली होती. त्याचे सागवान अजून कित्येक वर्षे टिकले असते. प्रवास संपत आला असताना किनाऱ्याने त्याचा घात केला.

५. सुवेझ कालव्यानंतरची स्थिती

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझ कालवा खुला झाला. मुंबई ते इंग्लंड हे केपमार्गे सुमारे १०,७०० सागरी मैलांचे अंतर सुमारे ६,२०० मैलांवर आले. कालव्यातून शिडाचे जहाज ओढून न्यावे लागे आणि तांबड्या समुद्रातील वारे त्याला प्रतिकूल होते, त्यामुळे हा लाभ जवळजवळ पूर्णपणे आगबोटींना मिळाला. दुसरीकडे संयुक्त वाफयंत्राच्या प्रसारामुळे कोळशाचा खर्चही घटला होता. वऱ्हाडच्या बाजूनेही गती वाढली. मार्च १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या लोहमार्गाचे उद्घाटन झाले. दाबयंत्रात आवळलेल्या गाठी रेल्वेने मुंबईस आणि आगबोटीने युरोपला जाऊ लागल्या. इंग्लंडखेरीज भूमध्य समुद्रावरील बंदरांनाही मुंबईचा कापूस थेट मिळू लागला. मुंबईत १८७५ मध्ये ससून डॉक व १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाले.

कालवा खुला झाल्यानंतर पाचच दिवसांनी, २२ नोव्हेंबर १८६९ रोजी, स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे 'कटी सार्क' हे जहाज पाण्यात सोडले गेले. त्याचेही मालक जॉन विलिसच होते. 'ट्वीड'च्या वेगावर ते इतके प्रसन्न होते की, नव्या जहाजाच्या पुढील भागाची घडण 'ट्वीड'सारखी असावी असा त्यांचा आग्रह होता, असे जहाजांचे अभ्यासक सांगतात. म्हणजे मुंबईच्या कारागिरांच्या घडणीचा वारसा या प्रसिद्ध जहाजात उतरला. परंतु ज्या व्यापारासाठी ते बांधले, तो व्यापारच त्याच सुमारास हातातून निसटू लागला.

शिडाची जहाजे लगेच नाहीशी झाली असे मात्र नाही. घाई नसलेला जड माल व लांब पल्ला यांसाठी ती आणखी तीन-चार दशके चालली. १८८४ मध्ये पुढे कादंबरीकार म्हणून विख्यात झालेले जोसेफ कॉनराड मुंबईत 'नार्सिसस' या लोखंडी शिडाच्या जहाजावर अधिकारी म्हणून रुजू झाले. जूनच्या आरंभी मुंबईहून निघालेले हे जहाज केपमार्गे ऑक्टोबरच्या मध्यास फ्रान्समधील डंकर्कला पोहोचले. कॉनराड यांनी त्यापूर्वी 'ट्वीड'चे माजी कप्तान विल्यम स्टुअर्ट यांच्या हाताखाली दुसऱ्या एका जहाजावर काम केले होते आणि 'ट्वीड'च्या वेगाची ख्याती त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे.

६. जहाजांची अखेर

या जहाजांचे अंत निरनिराळ्या प्रकारे झाले. 'असई' खडकावर फुटले. 'कॉस्पॅट्रिक' नोव्हेंबर १८७४ मध्ये स्थलांतरितांना घेऊन न्यूझीलंडकडे जात असता केपच्या दक्षिणेस आगीत सापडले. जहाजावरील ४७० हून अधिक माणसांपैकी केवळ तिघे वाचले. 'ट्वीड'च्या डोलकाठ्या १८८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळच्या वादळात मोडल्या. अल्गोआ उपसागरात आणल्यानंतर ते दुरुस्त करण्याऐवजी मोडीत काढण्यात आले आणि त्याचे सागवान पोर्ट एलिझाबेथ येथील एका चर्चच्या छतासाठी वापरले गेले. 'नार्सिसस' इटालियन व नंतर ब्राझीलच्या मालकांकडे जाऊन १९२५ मध्ये मोडले गेले. 'कटी सार्क' १८९५ मध्ये पोर्तुगीजांना विकले गेले, १९२२ मध्ये इंग्लंडला परतले आणि १९५४ पासून ग्रीनिच येथे स्मारक म्हणून उभे आहे. २००७ च्या आगीनंतर दुरुस्ती होऊन २०१२ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

'ट्वीड'चे उदाहरण यांत विशेष बोलके आहे. चौतीस वर्षांनंतरही त्याचे लाकूड छतासाठी उपयोगी पडण्याइतके सुस्थितीत होते. तरीही नव्या डोलकाठ्या बसविण्याचा खर्च मालकाला परवडण्यासारखा वाटला नाही, कारण उतरत्या भाड्याच्या काळात जुन्या शिडाच्या जहाजावरील असा खर्च भरून निघण्याची शाश्वती उरली नव्हती. डोलकाठ्या वादळाने मोडल्या हे खरे. परंतु जहाज मोडावयाचे की राखावयाचे, हे वादळाने ठरविले नाही, बाजाराने ठरविले.

७. वऱ्हाडवरील परिणाम

जहाजाला एक सवलत होती. त्याला मालक, मार्ग, माल, नाव व ध्वज बदलता येत असे. 'पंजाब' युद्धनौकेचे व्यापारी जहाज झाले, 'कटी सार्क' चहा सोडून लोकरीकडे वळले. वऱ्हाडच्या कुणब्याला ही सवलत नव्हती. भाव उतरल्यावरही शेतसारा रोखीत भरावयाचा होता आणि सावकाराचे देणे कापसाच्या हमीवर उभे होते. त्यामुळे १८६५ च्या घसरणीनंतर पुढील दशकांत कापसाखालील क्षेत्र कमी न होता वाढतच गेले व ज्वारीची जमीन आक्रसली. १८९९-१९०० च्या दुष्काळात या बदलाची किंमत मोजावी लागली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांचा परस्परसंबंध आपल्या ग्रंथात विस्ताराने मांडला आहे. रेल्वे, तार व आगबोट यांनी कापूस बाहेर नेण्याची सोय जितकी केली, तितकी संकटात शेतकऱ्याला तारण्याची सोय केली नाही.

निष्कर्ष

१. वऱ्हाडचा कापूस प्रथम मिर्झापूर, मग योजनेपुरता गोदावरी आणि अखेर मुंबई अशा तीन दिशांनी समुद्राकडे गेला. वर्धा नदीकाठचा प्रदेश समुद्री इतिहासाच्या बाहेरचा नव्हता.

२. शिडाच्या जहाजांचा ऱ्हास कारागिरीच्या उणिवेने झाला नाही. मुंबईचे सागवानी जहाज शेवटपर्यंत मजबूत राहिले; सुवेझ कालवा, सुधारलेले यंत्र व उतरते भाडे यांनी त्याचे काम संपविले.

३. ज्या तारेने व्यापाराची गती बदलली, ती तार शिडाच्या जहाजांनीच वाहून आणली. जुने साधन नव्या साधनाला हातभार लावून मागे पडते, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

४. जहाजांच्या अखेरीची नोंद विमा, मालकी व कप्तानांच्या कागदपत्रांत राहिली. ज्यांच्या कापसावर हा व्यापार उभा होता, त्यांच्या अखेरीची तशी नोंद झाली नाही. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील जुन्या अडत दुकानांच्या वह्या, गहाणखते आणि कापूस बाजारांचे दप्तर अभ्यासले गेल्यास हा इतिहास दुसऱ्या बाजूनेही लिहिता येईल. हे कागद वाळवी व ओल यांच्या तोंडी जाण्यापूर्वी ते जमा करणे, हे या भागातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांचे तातडीचे कर्तव्य आहे.