गारद्यांचा डगला

'गारदी' म्हटलं की आपल्याला 30 ऑगस्ट 1773 चा शनिवारवाडा आणि नारायणराव पेशव्यांचा खून आठवतो. पण गारदी ही मुळात शिवी नव्हे. फ्रेंचांच्या 'गार्द', म्हणजे पहारा, या शब्दावरून ते नाव पडले असे मानतात. बुसी या फ्रेंच सेनापतीने निजामाच्या मुलखात कवायती पायदळ उभे केले. त्यातूनच इब्राहिमखान गारदी पुढे आला. 1760 साली उदगीरला तो भाऊसाहेबांच्या बाजूने निजामाशी लढला, आणि पुढच्या वर्षी पानिपतावर अब्दालीच्या हाती सापडून मारला गेला.

आपला शिलेदार घोडा, हत्यार, अंगरखा सारं घरचं घेऊन येई. कवायती शिपायाला मात्र बंदूक आणि डगला सरकारातून मिळे. हा फरक नुसता कपड्यापुरता नाही. शिलेदाराची ऐट त्याची स्वतःची. डगलेवाला ज्याचा पगार खाई त्याच्या रंगाचा होई.

हा रंग आला कुठून? युरोपात शिपाई बनातीच्या डगल्याच्या बाह्या उलट्या दुमडत, तेव्हा आतलं अस्तर दिसे. मग गळपट्टी, मनगट आणि छातीवरची पट्टी यांना अस्तराचा तोच रंग देण्याची चाल पडली. इंग्रजांचे डगले बहुतेक लालच, तेव्हा ओळख पटवायची ती पट्टीवरून. 1751 च्या राजाज्ञेने कोणत्या पलटणीला कोणता रंग हे ठरवूनच टाकले. राजघराण्याच्या नावाच्या पलटणींना निळा. काळ्या दारूच्या बंदुका! चार फैरी झडल्या की रणांगण धुराने कोंदून जाई. अशा वेळी शिपायाने आपली पलटण शोधायची कशी?

पुढे महादजी शिंद्यांच्या कंपूतही द बॉइनने लाल डगले आणले. 23 सप्टेंबर 1803 ला, आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत, इंग्रजांची 74 वी पलटण पांढऱ्या पट्टीची होती. तिचे निम्म्याहून अधिक लोक पडले किंवा जखमी झाले.

आमच्या परभणीवर तेव्हा निजामाचे राज्य. त्याच्या पदरी रेमंड नावाचा फ्रेंच होता. त्याच्या पलटणींवर फ्रेंच प्रजासत्ताकाचे निशाण फडके आणि शिपायांच्या बटणांवर स्वातंत्र्याची टोपी कोरलेली असे. बटणावर स्वातंत्र्य, आणि पगार थकलेला! मार्च 1798 मध्ये रेमंड वारला. ऑक्टोबरात शिपायांनी थकलेल्या पगारासाठी आपल्याच फ्रेंच अंमलदारांना कोंडले. त्याच वेळी इंग्रजी फौजेने छावणी वेढली, आणि दहा हजारांहून अधिक शिपायांनी लढाई न करता बंदुका खाली ठेवल्या.