‘ह्‌लाफ’ : एका जुन्या आंग्ल अन्नवाचक शब्दाचा विचार

इंग्रजींतील ‘लोफ’ हा शब्द आज अख्ख्या पावापुरता उरला आहे. प्राचीन आंग्ल भाषेंत त्याचें रूप ‘ह्‌लाफ’ असें असून त्याचा अर्थ ‘भाकर’ असा सामान्य होता. ‘ब्रेड’ हा शब्द त्या जागीं मागाहून आला. या ‘ह्‌लाफ’पासून झालेल्या तीन समासांकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

पहिला ‘ह्‌लाफवेअर्ड’, म्हणजे भाकरीचा राखणदार. तोच झिजून ‘लॉर्ड’ झाला. दुसरा ‘ह्‌लॅफ्‌दिगे’, म्हणजे भाकरीचें पीठ मळणारी, तीच ‘लेडी’. यांतील उत्तरपद व संस्कृत ‘दिह्’ (लिंपणें) हे एकाच मूळ ‘धिघ्’ धातूचे वंशज होत. दोन महाप्राण जवळ आल्यामुळें संस्कृतांत पहिला गळाला. आपला ‘देह’ शब्द त्याच घराण्यांतला. तिसरा ‘ह्‌लाफॅटा’, म्हणजे भाकरी खाणारा आश्रित. त्यांतील उत्तरपद आपल्या ‘अद्’ धातूचें सगोत्र असून ‘अन्न’ शब्दही त्याच धातूचा.

‘लॉर्ड’ हें पद मूळचेंच सरदारकीचें, असा समज होणें साहजिक आहे. परंतु केंटचा राजा एथेल्बर्ट याच्या सुमारें इ. स. ६०० च्या कायद्यांत असें कलम आहे कीं, सामान्य स्वतंत्र शेतकऱ्याचा ‘ह्‌लाफॅटा’ कोणी मारिल्यास ६ शिलिंग भरावे. भाकरी खाणारा शेतकऱ्याच्या घरींही होता. तेव्हां भाकरीचा राखणदार हा प्रथम घरधनीच असावा व दरबारी मान त्यास पुढें चढला असावा, असें आमचें अनुमान आहे. आपल्याकडील ‘पोशिंदा’ शब्दाचा भावही याहून फारसा निराळा नाहीं. मात्र शब्द जन्मकाळची स्थिति सांगतो. पुढील काळच्या प्रत्येक ‘लेडी’नें पीठ मळलें, असें त्यावरून ठरवूं नये.

संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. हा कायदा रॉचेस्टर येथील ‘टेक्स्टस रॉफेन्सिस’ या १२ व्या शतकांतील एकाच पोथींत उरला आहे. म्हणजे मूळ कायदा व उपलब्ध प्रत यांत ५०० वर्षांचें अंतर! ही पोथी १८ व्या शतकाच्या आरंभीं पाण्यांत पडली होती, सुदैवानें वांचली. ती बुडती तर वरील कलमाची जुनी प्रतही तिच्याबरोबरच बुडाली असती. म्हणून भिजलेलें, वाळवी लागलेलें पान हातीं आलें तरी तें निरुपयोगी समजून टाकूं नये, एवढीच आमची विनंति आहे.